बर्फावरची बारीक रेघ

सकाळी साडेआठला लिफ्ट सुरू होते, तेव्हा डोंगराचा उतार नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा दिसतो. रात्री मोठमोठी यंत्रं फिरून बर्फ दाबून सपाट करतात आणि त्यावर पाभरीने ओढावेत तसे बारीक, समांतर चर उमटवून ठेवतात. दहा वाजेपर्यंत हे अंगण विस्कटतं. कुणी स्कीवरून उतरतं, कुणी स्नोबोर्डवरून, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मागे बर्फ खरवडल्याचा एक रुंद पट्टा राहतो. पण कधी कधी त्या पट्ट्यांच्या मधून एक वेगळीच खूण गेलेली दिसते. टोकदार पेन्सिलीने काढावी तशी एकच बारीक, खोल रेघ. ती डावीकडे मोठं वळण घेते, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. कुठे खरवडलेलं नाही, कुठे तुटलेली नाही.

ही रेघ काढण्याच्या खेळाला हार्डबूट कार्व्हिंग म्हणतात. मी तो सेहेचाळिसाव्या वर्षी शिकायला घेतला.

आता आपल्याकडे बर्फ म्हणजे मनालीला जाऊन भाड्याचा कोट आणि भाड्याचे गमबूट चढवायचे, एक फोटो काढायचा आणि 'हुहुहु' करत चहा प्यायचा! माझीही बर्फाशी ओळख तेवढीच होती. लग्नानंतर स्वित्झर्लंडला, झुरिकजवळ आले आणि इथे हिवाळ्यात शनिवारी-रविवारी अख्खं गाव डोंगरावर जातं हे पाहिलं. मुलं शाळेतून स्की शिकली, पुढे स्नोबोर्डकडे वळली, आणि त्यांच्या मागे राहू नये म्हणून मीही साधा स्नोबोर्ड शिकले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्की म्हणजे दोन पायांना दोन पट्ट्या. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच फळी, आणि तिच्यावर आपण जवळजवळ आडवं उभं राहायचं. या खेळाची सुरुवात अमेरिकेतली. मिशिगन राज्यातल्या मस्किगन गावी १९६५ च्या नाताळात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. तिला 'स्नर्फर' हे नाव दिलं त्यांच्या बायकोने, नॅन्सीने. (नाव ठेवायचं काम शेवटी आपल्याकडेच येतं, बारशाला काय आणि फळीला काय.)

साध्या स्नोबोर्डचे बूट मऊ असतात आणि फळी रुंद. हार्डबूटमध्ये सगळंच बदलतं. बूट स्कीच्या बुटासारखे कडक प्लास्टिकचे, बकलांचे. फळी अरुंद, कमरेला वीस-एकवीस सेंटीमीटर. ती इतकी अरुंद असल्यामुळे पाय आडवे ठेवले, तर बोटं आणि टाच फळीच्या बाहेर येऊन बर्फात अडकतील. म्हणून दोन्ही पाय तिरके, जवळजवळ पुढे तोंड करून बांधायचे, ५५-६० अंशांवर. फळी अरुंद असली की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन येते, आणि बूट कडक असला की गुडघा जरासा हलवला तरी तो जोर मध्ये न जिरता थेट कडेपर्यंत पोचतो.

फळीच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडा असतात. वरून पाहिलं तर फळी डमरूसारखी दिसते, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये बारीक. सगळी जादू त्या आकारात आहे. फळी कडेवर कलती केली आणि तिच्यावर वजन दिलं, की ती धनुष्यासारखी वाकते आणि त्या कमानीवरून आपोआप वळते. आपण वळवायचं नसतं.

दिवाळीत करंजीचं कातणं फिरवताना आठवून पाहा. चाक सरळ त्याच्या वाटेने फिरू दिलं तर कड स्वच्छ कापली जाते. तेच आडवं ढकललं तर पीठ ओढलं जातं, फाटतं. साध्या घसरण्यात फळी आडवी ढकलली जाते, म्हणून पट्टा उमटतो. कार्व्हिंगमध्ये फळीचं पुढचं टोक जिथून जातं, मागचं टोकही नेमकं तिथूनच जातं, म्हणून रेघ.

मी स्वतः सात-आठ वर्षं साध्या फळीवर पट्टेच काढत होते, आणि त्यात वाईट काही नव्हतं. घरी सुखरूप यायचे. पण प्रत्येक उतारावर मी सारखा ब्रेक दाबत खाली येत असे. मांड्या भरून यायच्या. मग एकदा चेअरलिफ्टमध्ये बसलेली असताना खालून एक बाई जाताना दिसली. हेल्मेटखालून पांढरी वेणी, वय साठीच्या पुढचं, आणि तिची फळी जवळजवळ आवाज न करता एकेक मोठं वळण कापत चाललेली. जोर नाही, झटापट नाही. वर उतरल्यावर मी तिला गाठलंच. इथे डोंगरावर अनोळखी माणसंही एकमेकांना 'तू' म्हणतात, त्यामुळे माझी भीड लवकर चेपली. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "तुला घाई आहे का? घाई असेल तर हे नको." तीच पुढे माझी गुरू झाली.

घाई नव्हती, पण एक अडचण होती. त्याच हिवाळ्यात माझ्या हाडांच्या घनतेचा रिपोर्ट आला होता आणि तो काही फारसा चांगला नव्हता. पाळी जायच्या उंबरठ्यावर आपल्यापैकी पुष्कळ जणींचं हेच होतं. आई कराडहून फोनवर म्हणाली, "अगं, हाडं ठिसूळ झालीत म्हणतेस आणि बर्फावर पडायला निघालीस?" नवरा काही बोलला नाही, पण रिपोर्ट फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवला. बोलण्यापेक्षा ते जास्त झोंबलं.

दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून मी तो रिपोर्ट घेऊनच डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सरळ विचारलं. त्यांनी 'जा' म्हटलं नाही, 'जाऊ नका' असंही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, हाडांना भार हवा असतो, स्नायूंना ताकद हवी असते. घरात बसून हाडं वाचत नाहीत, पण तयारी न करता जाऊही नका. स्कीमध्ये गुडघ्याची दुखापत जास्त होते, स्नोबोर्डमध्ये मनगटाची. पडताना आपण हात टेकवतो ना, त्याने. तेव्हा मनगटाला गार्ड, डोक्याला हेल्मेट, आणि आधी तीन महिने व्यायाम.

तो व्यायाम कुठल्याही गावात, कुठल्याही घरात करता येईल असा आहे. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीवर बसल्यासारखं अधांतरी बसायचं, आधी वीस सेकंद, मग वाढवत न्यायचं. सावकाश उठाबशा. आणि एका पायावर उभं राहणं. चपात्या लाटताना एक चपाती डाव्या पायावर, एक उजव्या पायावर. सुरुवातीला पोळपाट हलायचा आणि चपात्यांचे नकाशे व्हायचे, पण दीड महिन्यात दोन्ही गोल झालं, चपातीही आणि तोलही.

मग आलं सामानाचं प्रकरण. इथे मला आपल्या बायकांच्या एका सवयीबद्दल बोलायचंय. घरात नवऱ्याचं किंवा मुलाचं जुनं काहीतरी पडलेलं असतं, 'तेच वापरू की' म्हणून आपण सुरुवात करतो. सायकल असो, रॅकेट असो. या खेळात ते चालत नाही, आणि त्याला कारण आहे. फळी वाकली तर वळते, आणि ती वाकते वजनाने. पंच्याऐंशी किलोच्या पुरुषासाठी केलेली शर्यतीची लांब, ताठ फळी पंचावन्न किलोच्या बाईखाली वाकतच नाही. ती बाई बिचारी दोन दिवस धडपडते आणि ठरवून टाकते, की हे आपल्याला जमणार नाही. तिला न जमण्यासारखं काही नसतं, फळी तिची नसते.

गुरूने मला १५८ सेंटीमीटरची, जरा मऊ फळी शोधून दिली. प्रत्येक फळीवर मीटरमध्ये एक आकडा लिहिलेला असतो, तो तिच्या डमरूच्या कमानीचा. माझ्या फळीवर दहा आहे. म्हणजे ती थोडीशीच कलती केली तर साधारण दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जाईल. जास्त कलती केली, साठ अंशांपर्यंत, तर त्याच्या निम्म्या. सुरुवातीला हा आकडा फार मोठा नको, नाहीतर फळी वळायला लागेपर्यंत वेग वाढतो आणि धीर सुटतो.

पैसे घालायचे ते बुटांवर. फळी जुनी चालते, बांधायची पट्टी जुनी चालते. बूट मात्र आपल्याच पायाचे हवेत. आणि इथे बाईच्या पायाचा प्रश्न येतो. आपली पोटरी पुरुषांच्या मानाने खालपर्यंत भरलेली असते, त्यामुळे उंच कडक बुटाची वरची कड नेमकी पोटरीत रुतते. एका दुकानात मी हे सांगितलं तर विक्रेत्याने मला लहान मुलांच्या विभागात पाठवलं. दुसऱ्या दुकानातल्या माणसाने मात्र पोटरी मोजली, वरचं बकल सरकवून घेतलं, आतलं अस्तर भट्टीत गरम केलं आणि ते गरम असतानाच मला बुटात उभं केलं. दहा मिनिटांत ते पायाच्या आकाराचं होऊन बसलं. बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत, गुडघा पुढे वाकवला की सुटली पाहिजेत आणि टाच उचलता कामा नये. ही बुटाची परीक्षा.

हे सामान साध्या दुकानात भाड्याने सहसा मिळत नाही. स्नोबोर्ड खेळणारे बहुतेक सगळे मऊ बुटांकडे गेले आणि हार्डबूट मागे पडले. नवी चांगली फळी हजार फ्रँकच्या पुढे जाते. मात्र इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गावोगावी जुन्या सामानाचा बाजार भरतो, त्याला 'बोर्स' म्हणतात. तिथे कुणालाच नको असलेली अरुंद फळी कोपऱ्यात उभी असते. भाव करायला आपल्याला कुणी शिकवायला नको!

पहिला धडा दिवाणखान्यातल्या गालिच्यावर झाला. बूट घालून, फळीवर बांधून, नुसतं उभं राहायचं. गुडघे वाकवायचे, पुढे-मागे व्हायचं, कड दाबून पाहायची. मुलं हसून हसून पडली. पण बर्फावर गेल्यावर पाय त्या कडक डब्यात अनोळखी वाटले नाहीत, ते या गालिच्यामुळेच.

बर्फावर गुरूने मला निळ्या पाटीच्या उतारावर नेलं. इथे निळी म्हणजे सोपी, लाल म्हणजे मध्यम आणि काळी म्हणजे अवघड. रुंद, हलका उतार, सकाळची वेळ. "सरळ खाली जा, फळी थोडी बोटांच्या कडेवर घे, आणि थांब. काही करू नकोस."

मैत्रिणींनो, हे 'काही करू नकोस' जगातलं सगळ्यात अवघड काम आहे. फळी कलली की वाटतं आता पडणार, आणि मागचा पाय आपोआप फळी आडवी ढकलतो. तोच तो जुना ब्रेक. तो पाय गप्प ठेवायचा. एक, दोन, तीन मोजायचं. मग काय होतं, तर फळी हळूहळू वळायला लागते, आडवी जाते, वळत वळत चढाकडे तोंड करते आणि चढावर वेग संपून स्वतःच थांबते. ब्रेक न दाबता! आपल्या 'ग' मधल्या काठीच्या उलट बाकासारखं एक वळण बर्फावर उमटतं. मागे वळून पाहायचं. पट्टा असेल तर पुन्हा. रेघ असेल तरी पुन्हा.

दोन दिवस मी हेच एक वळण काढत होते. आधी बोटांच्या बाजूला, मग टाचांच्या बाजूला. दोन वळणं एकमेकांना जोडायची नाहीत, अशी सक्त ताकीद. वेग आवरायचा कसा, हा प्रश्न त्या दोन दिवसांत सुटला. तो खरवडून आवरायचा नाही, वळण पूर्ण करून आवरायचा. अर्ध्यात सोडलेल्या वळणाने वेग वाढतो, पुरं केलेल्या वळणाने कमी होतो. घाबरलेलं माणूस नेमकं अर्ध्यातच सोडतं.

टाचांची बाजू मला जास्त जड गेली. अजूनही जाते. नवशिकी बाई तिथे पाटावर बसल्यासारखी बसते, कंबर मागे बाहेर काढते, आणि कड खडखडत सुटते. पाय पुढे तोंड करून बांधलेत, तर कंबर आणि छातीही पुढेच, फळीच्या टोकाकडे हवी. गुरूने एक उपाय सांगितला. दोन्ही हातांत पाण्याने काठोकाठ भरलेली परात धरली आहे असं समजायचं. शरीर कलेल, फळी कलेल, पण परात सपाट राहिली पाहिजे.

फोटोंमध्ये हे खेळाडू वळणात आडवे होऊन बर्फाला हात लावताना दिसतात. इथे व्हॅले प्रांतात झिनालला तर अख्खं अंग बर्फावर आडवं टाकून वळायची एक वेगळी पद्धतच निघाली. ते पाहून पहिल्याच दिवशी हात खाली न्यायचा मोह होतो. पण हात बर्फाकडे गेला की वजन कडेवरून उतरतं आणि कड निसटते. पुरेसा वेग आणि कल असला की बर्फच वर येऊन हाताला लागतो, असं गुरू म्हणते. माझ्या हाताला अजून लागलेला नाही.

तिसऱ्या दिवशी दोन वळणं जोडली. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाताना मध्ये एक क्षण फळी सपाट होते आणि कुठल्याच कडेचा आधार नसतो. तो क्षण गेला की दुसरी कड धरते. त्या दिवशी लिफ्टमधून मी माझ्या सहा वळणांची रेघ वरून पाहिली. दोन ठिकाणी खरवडलेली होती. बाकी रेघ होती.

पडले का? पडले, पुष्कळदा. हलक्या उतारावर, कमी वेगात. मनगटं गार्डमध्ये होती. एकदा नितंबावर तळहाताएवढं निळं झालं, ते आईला अजून सांगितलेलं नाही. खरा धोका पडण्यापेक्षा मागून येणाऱ्याचा असतो. आपण उतारभर मोठी वळणं घेतो आणि मागून सरळ येणाऱ्याला वाटतं ही बाई एका बाजूने चालली आहे. नियम असा आहे, की वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं. पण हायवेवरही नियम आहेतच की! म्हणून प्रत्येक मोठ्या वळणाआधी खांद्यावरून वर पाहायचं, आणि गर्दी झाली की त्या दिवसापुरतं थांबायचं. मी अकरा वाजता कॉफी प्यायला जाते.

हा खेळ पुरुषी आहे, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. त्यांना मी ऑस्ट्रियाच्या क्लाउडिया रीग्लरचं नाव सांगते. जन्म १९७३ चा. २०१५ मध्ये क्राइशबर्गला ती समांतर जायंट स्लॅलममध्ये जगज्जेती झाली, तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती, आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला अठ्ठेचाळीसाव्या वर्षी उतरली. हीच शर्यत २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये निकोलिन साउरब्राय जिंकली, ती नेदरलँड्सची, जिथे डोंगर औषधालाही नाही. आणि चेक देशाची एस्टर लेडेत्स्का! २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये तिने आधी स्कीवर सुपर-जी शर्यत सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकली आणि आठवड्याने कडक बूट घालून स्नोबोर्डचंही सुवर्ण घेतलं. एकाच ऑलिंपिकमध्ये या दोन्ही खेळांत सुवर्ण त्याआधी कुणीच मिळवलं नव्हतं. स्कीची शर्यत आपण जिंकू असं तिला स्वतःलाच वाटलं नव्हतं, म्हणून मेकअप केला नव्हता आणि पत्रकारांसमोर ती डोळ्यांवरचा गॉगल न काढताच बसली. मला तिचं सुवर्ण जितकं आवडलं, तितकाच तो गॉगलही आवडला.

आता माझा तिसरा हिवाळा. हाडांची तपासणी पुन्हा झाली, आकडा पहिल्याइतकाच आहे. वाढला नाही, घटलाही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात घटला नाही हेच पुष्कळ. आता त्याचं श्रेय चपातीच्या वेळच्या एका पायाला, औषधाला की बर्फाला, ते मला ठरवता येणार नाही. नवऱ्याने जुना रिपोर्ट फ्रिजवरून काढला आणि नवा लावला. पुढच्या बोर्सला तो स्वतःसाठी फळी बघणार आहे म्हणे. माझी त्याला देणार नाही, त्याच्या वजनाला ती फार मऊ आहे.

सध्या मी लाल पाटीच्या उतारावर बोटांची बाजू कापते आणि टाचांची बाजू निम्मी कापते, निम्मी खरवडते. एप्रिल उजाडला की दुपारी बर्फाचा चिखल होतो आणि फळी रुतायला लागते. तेव्हा कडा पुसून कोरड्या करायच्या, नाहीतर गंज धरतो. बुटांतलं अस्तर बाहेर काढून वाळवायचं, पुन्हा आत घालून बकलं सैलसर लावून ठेवायची, म्हणजे प्लास्टिकचा आकार बिघडत नाही. माझी फळी पलंगाखाली राहते, गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीशेजारी.